पाय लावावा, भार देऊ नये

विमलताई या जगात आल्या त्या पायांनी आल्या. केळापूरजवळच्या खेड्यात, त्यांच्या आजोळी, सुईणीच्या हाताला आधी टाच लागली आणि मग बाकीची पोर. आई वाचली, पोरही वाचली, आणि पोरीला जन्मभराची ओळख चिकटली: पायाळू. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ भरून आलं की तिला सगळ्यांच्या आधी शाळेतून घरी धाडत. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणतात. लग्न होऊन त्या दिग्रसजवळच्या गावात आल्या, तेव्हा एकदोघं त्यासाठीसुद्धा दबक्या आवाजात विचारून गेले होते. त्यांचे यजमान पुंडलिकराव यावर दर पाहुण्याला एकच ऐकवत, "धन कायचं दिसते बाप्पा! हिनं खाली पाह्यलं, त मीच दिसलो."

खरं काम होतं ते उसणीचं. कापूस वेचताना, नाहीतर पाण्याची गुंडी उचलताना कोणाच्या पाठीत उसण भरली, की ते माणूस वाकडं होऊन विमलताईंच्या दारात यायचं. पद्धत ठरलेली होती. तिन्हीसांजेला यायचं, उंबऱ्याच्या आत पालथं झोपायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पायाळूनं डावा पाय पाठीला तीनदा लावायचा. बदल्यात काही घ्यायचं नाही. विमलताईंच्या आजीनं त्यांना लहानपणीच बजावलं होतं, "पाय लावावा बाई, भार देऊ नये. गुण पायाचा असते, वजनाचा नाई."

पण लोकांचं नुसत्या पायानं समाधान होत नसे. उठून बसायचे आणि विचारायचे, "लावला का? समजलंच नाई." शेजारच्या बंजारा तांड्यावरची रुपीबाई तर उठलीच नाही. पालथी पडल्या पडल्या, न बोलण्याचा नियम मोडून म्हणाली, "याडीये, माय वं! पाय होता का मोराचं पीस? जरासक दाब नं, ताई!" विमलताईंनी दाबलं. रुपीबाईच्या पाठीत कुठंतरी 'कट्' वाजलं. ती सरळ उभी राहिली, हसली, आणि त्या आवाजाची गोष्ट तिनं तांडाभर केली. मग सगळ्यांनाच तो आवाज हवा झाला.

विमलताई हळूहळू शिकल्या. चौकटीला हात धरायचा, उजवा पाय घट्ट ठेवायचा आणि डाव्यावर किती भार टाकायचा ते समोरच्या पाठीवरून ठरवायचं. त्या बी.ए. झालेल्या होत्या. शाळेतले गुरुजी या प्रकाराला हसले, की त्याही हसायच्या. विश्वास आहे की नाही, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. वाकडं आलेलं माणूस सरळ होऊन जाताना बघितलं, की त्यांना बरं वाटायचं. घरात चांगलं म्हणावं असं जे काही होतं ते सगळं पुंडलिकरावांच्या सोयाबीनचं आणि त्यांच्या बैलांचं. हे एवढं मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

निशिगंधा त्यांची एकुलती एक. तिला वणीला दिलेली. जावई पियुष कोळशाच्या ट्रकच्या ऑफिसात कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती आठव्या महिन्यात आली. सोनोग्राफीत बाळ पायाकडून दिसलं, तेव्हा यवतमाळला सिझर करावं लागलं. मुलगी झाली. बारशाला नाव ओजस्वी ठेवलं, पण घरात चिमीच.

रुपीबाई बाळ बघायला आली आणि दारातूनच ओरडली, "आजीवर गेली! पायाळू!"

"अव मावशी, पोट कापून काढलं तिले," निशिगंधा म्हणाली. "पायानं कुठं आली?"

"यायचं त पायानंच होतं नं तिले! डाक्टरनं मधातच रस्ता बदलला."

सगळ्या हसल्या. हसता हसता निशिगंधानं कमरेच्या वर हात दाबून धरला, ते विमलताईंनी बघितलं. ही पाठदुखी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासूनची होती आणि तिचं कारण प्रत्येकीला माहीत होतं. वणीच्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "सिझरच्या टायमाले पाठीत सुई देतात नं, तिनंच होते." अंग चोळायला येणारी हंसाबाई म्हणाली, "बाळंतवात हाय." विमलताई स्वतः म्हणाल्या, "मलेबी झालती. पाजताना वाकून बसत नको जाऊ." प्रत्येकीची पाठ कधी ना कधी दुखली होती आणि आपोआप थांबली होती. निशिगंधाची थांबेना. कुशीवर वळायचं तर ती खाटेचा गज धरायची. शिंक येणार असं वाटलं, की आधी भिंतीला टेकायची.

चिमी तीन महिन्यांची झाली असेल. एका संध्याकाळी तिला आंघोळीनंतर उचलताना निशिगंधा अर्ध्यातच अडकली. ना खाली जाता येईना, ना वर. पुंडलिकरावांनी पोर तिच्या हातातून काढून घेतली. ती चौकट धरून उभी राहिली आणि घामेजल्या तोंडानं म्हणाली, "आई, तू जगाच्या पाठी मोकळ्या करतं. माहीच काहून नाई?"

"तुह्ये टाके ओले होते, बाई."

"आता कुठं ओले हायेत?"

विमलताईंनी उंबऱ्याच्या आत गोधडी दुमडून टाकली. निशिगंधा कण्हत कण्हत पालथी झाली. विमलताईंनी डावा पाय तीनदा लावला. नुसता लावला, आजीनं सांगितलं होतं तसा.

"हे काय आई? रुपीमावशीले देतं तसा दे नं. जोरात."

विमलताईंनी चौकटीला हात धरला आणि भार दिला.

आवाज आला. पण तो नेहमीचा नव्हता. वाळकी तुराटी पायाखाली यावी तसा. त्याच्यावर लगेच निशिगंधाची किंकाळी, आणि पाळण्यात दचकलेल्या चिमीचं रडणं.

पुढचे काही आठवडे दिग्रसच्या दवाखान्यांत गेले. कोणी स्नायू दुखावला म्हणालं, कोणी पट्टा दिला, सगळ्यांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या. शेवटी यवतमाळला एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बघितली, कागदावरचं वय बघितलं, पुन्हा फिल्म उजेडात धरली. म्हणाले, "हे साधं नाही. नागपूरला न्या. तिथं ठिसूळ हाडांची वेगळी ओपीडी आहे."

नागपूरपर्यंतच्या दर गतिरोधकाला निशिगंधा डोळे मिटून विमलताईंचं मनगट आवळायची. पुंडलिकराव पुढं बसून ड्रायव्हरला सांगत होते, "हळू घे बाप्पा, अंडे हायेत मांगं." पहिल्यांदा निशिगंधा हसली. मग म्हणाली, "बाबा, हसवू नका. दुखते."

ओपीडीच्या बाकांवर सगळ्या म्हाताऱ्या. कोणाला कुबड, कोणाच्या हातात काठी, कोणाचं मनगट प्लास्टरमध्ये. सिस्टरनं नाव पुकारलं आणि विमलताईंचाच दंड धरला. "या आजी, आत या."

"पेशंट ही हाय," विमलताई म्हणाल्या. बाकावरच्या सगळ्या माना निशिगंधाकडं वळल्या.

आधी उंची मोजली. सिस्टरनं आकडा सांगितला, तो पाच फूट दीड इंचाच्या आतला होता. विमलताई म्हणाल्या, पुन्हा मोजा. निशिगंधा पाच फूट तीन इंच होती. लग्नाच्या बायोडाटात तसं लिहिलेलं होतं आणि ते खरं होतं, स्वयंपाकघराच्या दाराशी पेन्सिलीच्या खुणा होत्या. सिस्टरनं पुन्हा मोजली. तेवढीच.

"इकडची पट्टी खोटी असन," पुंडलिकराव म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती.

मग रक्त, लघवी, आणि हाडांचा भरीवपणा मोजायचं मशीन. सपाट टेबल, वरून सरकणारा एक दांडा. टोचत नाही की आवाज करत नाही, फक्त उताणं निजायचं. निशिगंधाला तेच जमत नव्हतं. दोघींनी धरून तिला निजवलं. दांडा तिच्या पाठीवरून आणि खुब्यावरून सावकाश सरकत राहिला.

डॉक्टर बाई होत्या, विमलताईंच्याच वयाच्या. त्यांनी पुष्कळ विचारलं. दम्याच्या नाहीतर संधिवाताच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या का? थायरॉइड? पाळी वेळेवर यायची का? घरात कोणाचं हाड असंच मोडलं होतं का?

"माह्या आईचा खुबा," विमलताई म्हणाल्या. "आंगणात उभी होती, पडली. मग खाटेवरून उठलीच नाई. पण तिचं वय झालतं."

"काकू, उभ्यानं पडून खुबा मोडला, तर ते नुसतं वय नसतं. हाड कच्चं असतं."

त्यांनी स्क्रीन वळवली. पाठीचे मणके विटांसारखे चौकोनी हवेत, असं त्या म्हणाल्या. निशिगंधाचे तीन मणके पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखे झाले होते. पोटातल्या बाळाची हाडं आईच्या रक्तातल्या चुन्यावर, म्हणजे कॅल्शियमवर, वाढतात. पाजतानाही तो दुधातून जातो. बहुतेक बायकांच्या हाडांची झीज पुढं भरून निघते. पण एखादीची हाडं मुळातच विरळ असतात, तिचे मणके या दिवसांतच बसतात. "फार थोड्यांना होतं. म्हणूनच लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. पाठ दुखते म्हटलं की सगळे बाळंतपणाची पाठ म्हणतात."

अंगावरचं दूध बंद करायचं. पट्टा लावायचा. कॅल्शियम, जीवनसत्त्व, आणि रोज एक इंजेक्शन, ते स्वतःच टोचायचं. वाकायचं नाही. भरलेल्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही.

निशिगंधानं एकच विचारलं. "मी हिला कधी उचलू शकीन?"

"वर्षानं पुन्हा मशीन करू. तोवर नाही. बसल्या जागी कोणी मांडीवर ठेवलं तर चालेल, तेही पट्टा लावून, दोनेक महिन्यांनी."

चिमी पुंडलिकरावांच्या खांद्यावर झोपली होती. निशिगंधा तिच्याकडं बघत राहिली, जशी काही पोर आत्ताच गाडीत बसून कुठं लांब निघाली आहे.

तेव्हा विमलताईंनी सांगितलं. पायाळूपणा, उंबरा, तीनदा पाय, भार, आवाज, सगळं. निशिगंधा मध्येच म्हणाली, "मीच म्हटलं होतं मॅडम, जोरात दे म्हणून." डॉक्टरबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. विमलताईंनी विचारलं, "माह्या पायानंच मोडलं का?"

"काकू, अशी हाडं खोकल्यानंसुद्धा बसतात. बाळाला पाळण्यातून काढतानाही. मणके तीन आहेत. तुमचा पाय एका जागी होता." त्यांनी स्क्रीन पुन्हा बघितली. "एक त्या दिवशी गेला असेल. नसेलही. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार नाही. बाकीचे आधीच गेले होते, असं मला वाटतं."

एक. विमलताईंनी तेवढंच ऐकलं.

"आणि आता तुम्ही टेबलावर या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या आईचा खुबा, मुलीची पाठ. मधली पिढी मला बघायला हवी."

विमलताईंची हाडंही पातळ निघाली. मोडलं काही नव्हतं, पण आकडा वाईट होता. त्यांना आठवड्याची एक गोळी मिळाली. सोमवारी सकाळी उपाशी पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. "आणि नातीला तुम्हीही उचलायचं नाही."

"मंग कोन उचलन?" विमलताईंनी विचारलं. घरात मोठी माणसं तिघंच होती. दोघींनी पुंडलिकरावांकडं बघितलं.

पुंडलिकरावांनी उभ्या जन्मात स्वतःची पोर कडेवर घेतली नव्हती. आता ते नातीला घेऊन हिंडू लागले, कापसाचं गाठोडं धरावं तशी दोन्ही हातांनी छातीशी. शेतावर जाताना म्हणत, "पोट्टी खाली ठेवून जातो, कोनी हात लावत नका जाऊ." त्या दोघींना घरात ठेवून जायची त्यांना भीती वाटायची. शेवटी हंसाबाईंना दिवसभरासाठी सांगितलं.

दूध तोडलं ते दिवस घरातलं कोणी विसरणार नाही. चिमीला डब्याचं दूध वाटीतून पाजायला घेतलं, की ती तोंड फिरवायची आणि आईच्या वासाकडं हात टाकायची. निशिगंधा आतल्या खोलीत पट्टा आवळून निजलेली, छाती दगडासारखी झालेली, ब्लाउज भिजलेला. पोर रडली की दूध आणखी सुटायचं. विमलताई मधल्या दारात उभ्या राहायच्या. इकडं त्यांची लेक, तिकडं लेकीची लेक, आणि एकीला दुसरीकडं जाऊ द्यायचं नाही हे त्यांचं काम. चौथ्या पाचव्या दिवशी चिमीनं वाटी रिकामी केली. निशिगंधा रडली ती त्या दिवशी, आधी नाही.

वणीहून फोन यायचे. विहीणबाई सुनेशी गोड बोलत. एकदा मात्र फोन बंद झाला असं समजून पियुषला म्हणाल्या, "आईनं लाथ मारली, अन् भोगावं आपुन." विमलताईंच्या कानाला फोन तसाच होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि इंजेक्शनचा पेन फ्रिजमधून काढून निशिगंधाला नेऊन दिला. लाइन गेली असली, की तो बर्फाच्या डब्यात असायचा. निशिगंधा रोज पोटाची कातडी चिमटीत धरून स्वतःच टोचून घ्यायची. पियुष रविवारी यायचा, चिमीला घेऊन ओट्यावर बसायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचा. आईविषयी तो कधी बोलला नाही. बायकोला घेऊन कधी जायचं, तेही विचारलं नाही.

दारात वाकडी माणसं येत होती. विमलताई सांगत, "म्या सोडलं." काहींना वाटलं, ताईले गर्व चढला.

वर्ष सरल्यावर पुन्हा नागपूर. पुन्हा टेबल, पुन्हा दांडा. या खेपेला निशिगंधा स्वतः उताणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड भरतंय, चांगलं भरतंय. दबलेले मणके मात्र तसेच राहणार, गेलेली उंचीही येणार नाही. दुसऱ्या बाळाचा विचार आम्हाला विचारल्याशिवाय करायचा नाही. इंजेक्शन आणखी काही महिने. आणि हो, आता पाच किलोपर्यंत उचलायला हरकत नाही.

चिमी नऊ किलोची झाली होती.

परतीच्या वाटेवर निशिगंधा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, मी पाचवर आली, तोवर ही नऊवर गेली. मी नऊवर येईन, तवा ही शाळेत जाईन."

 

त्यानंतर आठवडाभरानं, कापूस फुटायच्या दिवसांत, रुपीबाई आली. या वेळी ती हसत आली नव्हती. काठीवर दोन्ही हात, कंबर पार मोडलेली, कपाळावर घाम. सवयीनं तिनं तिन्हीसांजच गाठली होती आणि काही न बोलता ती उंबऱ्याच्या आत पालथी होऊ लागली.

"रुपीबाई, उठ. म्या सोडलं, तुले माहीत हाय."

"तुहा पाय नको मंग. नातीचा लाव. तेबी पायाळूच हाय नं?"

"नाई."

"अव लहान लेकराचा पाय त हाय! त्यानं काय मरते का मी?" रुपीबाईनं गाल जमिनीला टेकवला. "चार दिसापासून चुलीपाशी वाकता येत नाई. सून म्हनते, ढोंग हाय बुढीचं."

आतल्या खाटेवरून निशिगंधा म्हणाली, "लावू दे नं आई. नुसता लावायचा, बस."

विमलताई उंबऱ्यापासून बाजूला सरकल्या. ते होकार समजून पुंडलिकरावांनी चिमीला काखेत धरून वाकवलं. चिमीचा गुबगुबीत डावा पाय रुपीबाईच्या पाठीला लागला, चोळीच्या आरशांना लागून मागं आला, पुन्हा लागला. पोर खुदकन हसली. तिसऱ्यांदा पाय टेकला, तसं रुपीबाई जमिनीकडं तोंड करून म्हणाली, "काहीच नाई समजून राह्यलं. जरासक दाब देवा नं, भाऊ. उभी करा तिले पाठीवर."

पुंडलिकराव हात सैल सोडणार, तेवढ्यात विमलताई ओरडल्या. इतक्या जोरात, की चिमी दचकून रडायला लागली आणि पुंडलिकरावांनी तिला एकदम छातीशी ओढलं.

"एवढंच असते, रुपीबाई!" विमलताई म्हणाल्या. "एवढंच होतं पह्यल्यापासून. याच्यावर काहीच नव्हतं. उठ तू. आमी परत नागपूरला जाऊ तवा तू येशीन संगं. तिथं मशीन हाय."

"मले कायले मशीन? बुढ्या मानसाची पाठ हाय."

"माह्या आईलेबी असंच म्हटलं होतं आमी."

रुपीबाई काठीच्या आधारानं उठली. येईन म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. "लय शिकली तू, ताई," एवढं म्हणाली आणि तांड्याच्या वाटेला लागली. आली होती तशीच, दुमडलेली. वाटेत दोनदा थांबली. विमलताई ती दिसेनाशी होईपर्यंत चौकटीला हात धरून उभ्या होत्या. मग तो हात कुठं आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो काढून घेतला.

पुंडलिकरावांनी चिमीला खाली सोडलं. सतत कडेवर राहून ती चालायला उशिराच लागली होती, अजून भिंत धरूनच. भिंतीभिंतीनं ती खाटेपाशी गेली आणि आईसमोर दोन्ही हात वर करून उभी राहिली. तिला अजून कळत नव्हतं की या हातांचा उपयोग होत नाही. निशिगंधा खाटेवरून सरकली, भिंतीला पाठ लावून, पट्ट्यात ताठ, इंच इंच करत खाली जमिनीवर बसली आणि तिनं पाय लांब केले. चिमी तिच्या मांडीवर चढली, आईचा खांदा धरून दोन्ही पायांवर उभी राहिली आणि नाचू लागली. निशिगंधाचे डोळे मिटले. सुखानं की कळ आली म्हणून, ते दिसत नव्हतं.

विमलताई गुडघ्यावर बसल्या. नाचणाऱ्या त्या दोन पायांखाली त्यांनी आपले दोन्ही तळवे सरकवले आणि जेवढा घेता येईल तेवढा भार स्वतःच्या हातांवर घेतला.